चौथ्या जागेवरची शालू

कमलताई मेश्रामांनी सगळ्या नोकरीत एकदाच स्वतःच्या नावापुढे लेटमार्क लावला आणि त्याचा ताप आम्हा सगळ्यांना झाला. परदेशीपुऱ्याहून येताना त्यांचा सवारीचा टेम्पो बंद पडला, ताई चार मिनिटं उशिरा शाळेत पोचल्या, हजेरीपुस्तक उघडलं आणि लाल पेनानं लिहून मोकळ्या झाल्या : दहा चौतीस. त्या पानावर बाकी सगळ्यांसमोर साडेदहा होतं. त्यांतल्या दोघांच्या सह्या तर माणसं यायच्या आधीच झाल्या होत्या. प्राचार्यांनी ताईंना बोलावून हात जोडले. म्हणाले, "मेश्राम मॅडम, क्यों सबको मरवा रही हो?" ताईंना खरंच कळेना. "सर, मी फक्त माझंच लिहिलंय ना," त्या म्हणाल्या.

आमची शाळा इंदूरची. त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी संस्कृत. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या. आमचं घर छत्रीबागेतलं, आजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते आणि त्या कारकुनीचा ताठा आमच्या घरात तीन पिढ्या पुरला. ताईंचे वडील महूला लष्करात सुभेदार. त्यांनी मुलीला दोन गोष्टी दिल्या : बुद्धवंदना आणि कडक इस्त्री. ताईंच्या सुती साडीच्या निऱ्या संध्याकाळी पाचलाही सकाळच्याच जागी असायच्या. मी दुपारपर्यंत चुरगळून गेलेली असे. त्या माझ्याकडे बघत आणि काही न बोलता माझा पदर खांद्यावर नीट करून पुढे जात.

प्रयोगशाळेत ब्युरेटमधली पातळी बघायला त्या गुडघ्यात वाकून एक डोळा मिटायच्या. घरी चहाचं पाणी मोजतानाही तसंच. एखाद्या मुलीनं शेजारणीचं रीडिंग उतरवलं तर त्या रागवत नसत, नुसतं पुन्हा पहिल्यापासून करायला लावत. "जेवढं दिसलं तेवढंच लिही. उत्तर चुकलं तर चालेल," असं म्हणत. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर हे असलं बोलणारी शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही. मुली मागून हसायच्या आणि पुढे गेल्यावर त्याच मुली राखी पौर्णिमेला, दिवाळीला त्यांच्या घरी जायच्या. माझ्याकडे कोणी येत नसे, हे मी जरा तोंड वाकडं करूनच लिहिते आहे.

एकदा मी त्यांच्याबरोबर पौर्णिमेला विहारात गेले. परदेशीपुऱ्यातल्या गल्लीत दोन खोल्यांचं विहार, वर पत्रा, खाली सतरंजी आणि डास असे की विचारू नका. पहिलं शील प्राणिहत्या न करण्याचं, त्यामुळे मारायची सोय नाही. ताई पांढऱ्या साडीत ताठ बसून दंडावरचा डास फुंकून उडवत होत्या. मी एक हळूच चिरडला तर डोळे मिटलेल्या ताई कुजबुजल्या, "वसुधा, ऐकू आलं हं."

वंदना झाल्यावर ताई मैत्रीभावना घ्यायच्या. म्हणजे डोळे मिटून एकेका माणसाला मनात समोर बसवायचं आणि त्याचं भलं व्हावं असं मनापासून म्हणायचं. आधी स्वतः. मग आवडतं माणूस. मग ज्याच्याशी देणं ना घेणं असं कोणी, समजा नाक्यावरचा पोहेवाला. आणि चौथं, ज्यानं आपलं वाईट केलं ते. "पहिले तीन म्हणजे नुसती तयारी आहे. खरा पेपर चौथा. तिथे चीटिंग चालत नाही, बघणारे तुम्हीच," असं त्या गंभीरपणे सांगायच्या. मी चौथ्या जागेवर माझ्या जाऊबाईंना बसवलं. त्या तिथेही माझ्याकडे पाठ करून बसल्या. परतताना हे सांगितलं तर ताई रस्त्यात थांबून इतक्या हसल्या की मागचा स्कूटरवाला ओरडला, "माताजी, साइड में हँस लो!"

त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या चौथ्या जागेवर कोण होतं, कोण जाणे. बहुधा कोणी नव्हतंच. शालू नंतरची.

शालू म्हणजे शालिनी. नवरा गेल्यावर त्याच्या जागी तिला आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून घेतलं. चोवीस-पंचवीसची असेल, कडेवर पोरगी आणि चेहऱ्यावर कायमची भीती. कोणी नाव घेऊन हाक मारली तरी दचकायची. ताईंनी तिला बाटल्यांची नावं पाठ करून घेतली, आम्ल आणि पाणी यांत कशात काय ओतायचं ते शिकवलं, विहारात नेलं, पोरीचं नाव पूजा बदलून दुसरं काही ठेवू या म्हणून आठवडाभर वाद घातला आणि हरल्या. शालू त्यांना ताई म्हणे आणि त्यांच्याच डब्यात जेवे. मला थोडा मत्सर वाटायचा. विहारात ती ताईंच्या उजव्या हाताला बसे आणि वंदनेत त्यांच्या आवाजात आवाज मिसळे.

मग ती प्रात्यक्षिक परीक्षा आली. ताई बाहेरून आलेल्या परीक्षकांबरोबर प्राचार्यांच्या खोलीत होत्या. तीव्र आम्लाचं कपाट कुलपात असायचं, त्याची किल्ली त्या दिवशी शालूकडे होती. तिनं कपाट उघडं ठेवलं आणि पोरगी तापली आहे असा शेजारणीचा फोन आला म्हणून बाहेर गेली. बारावीतल्या एका मुलीनं चुकीची बाटली काढली. मुलीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

चौकशीत शालूनं लिहून दिलं की किल्ली मेश्राम मॅडमकडे होती.

ताई निलंबित झाल्या. आठ महिने घरी बसल्या. त्या मुलीचे वडील त्यांच्या दारात येऊन सगळ्या गल्लीसमोर नको ते बोलून गेले, जातीवरूनही बोलले. ताईंनी दार लावलं नाही, शेवटपर्यंत उभं राहून ऐकलं. पुढे शाळेतल्या शिपायानं खरं सांगितलं, ताई परत आल्या. शालूची तोवर दुसऱ्या शाळेत बदली झाली होती. तिचं काहीच झालं नाही. आम्ही शिक्षकांनी ताईंना हार घातला, मिठाई वाटली आणि दोन दिवसांत विसरून गेलो. भाजलेली मुलगी मात्र पुढे कधी भेटली तरी ताईंकडे बघत नसे. तिला कोणी दुसरी हकीकत सांगितलीच नव्हती.

ताई निलंबनाबद्दल बोलत नसत. एकदाच बोलल्या, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे राजघराण्याच्या नदीकाठच्या समाध्यांपाशी, आम्ही कणीस खात उभ्या होतो तेव्हा. म्हणाल्या, "नोकरीचं सोड. त्या माणसाच्या शिव्यांचंही सोड. शालूनं लिहून दिलं सोमवारी. मला पत्ताच नव्हता. गुरुवारी पौर्णिमा होती. माझ्या बाजूला बसून ती चौथं शील म्हणाली. खोटं बोलणार नाही म्हणून. आवाज जरासुद्धा हलला नाही गं तिचा. मला तिथंच अडकायला होतं." आणि अर्धं कणीस त्यांनी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

तेव्हापासून विहारात मैत्रीभावना तिसऱ्या माणसापाशी संपू लागली. "चौथं आपापल्या घरी करा," असं ताई म्हणत. लोकांना वाटलं डासांमुळे.

घरी त्या रोज करत होत्या, हे मला माहीत आहे. रोज सकाळी शालूला समोर बसवत आणि रोज अडकत. वीस-एकवीस वर्षं. त्या निवृत्त झाल्या, काही वर्षांनी मीही झाले. इंदूर देशातलं स्वच्छ शहर झालं, परदेशीपुऱ्यातून टेम्पो जाऊन ई-रिक्षा आल्या. ताई आणि शालू एकाच वस्तीत चार गल्ल्यांच्या अंतरावर राहत होत्या आणि भाजी वेगवेगळ्या ठेल्यांवरून घेत होत्या.

एक दिवस मी ताईंकडे बसले असताना पूजा आली. ती आता एका ऑफिसात कामाला होती, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत होतं. दारातूनच म्हणाली, "जयभीम मावशी. मम्मीच्या दोन्ही किडन्या खराब झाल्यात. हफ्त्यात तीन बार डायलिसिस होतो. डॉक्टर आता जास्त काही बोलत नाही. ती तुम्हाला बोलवतेय. प्लीज, मना करू नका."

ताईंनी नाही म्हटलं नाही. उठल्या, साडी बदलली, माझ्या स्कूटरवर मागे बसल्या.

शालू ओळखू येत नव्हती. चाळिशीतली बाई, पण हात काटक्यांसारखे आणि चेहरा सुजलेला. ताईंना बघून उठून बसली आणि हात जोडले. "ताई, मी घाबरली होती. नोकरी गेली असती तर पूजाला घेऊन कुठे गेली असती? पण ते खोटं होतं. मला माहीत आहे. मला बस एकदा म्हणा, शालू, माफ केलं."

खोलीत पंखा फिरत होता. मी ताईंकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. मग त्या तिच्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "शालू, अजून नाही जमलं. रोज बसते मी, पण नाही होत. तुझ्याशी खोटं कशी बोलू?"

शालूनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला ताईंचा इतका राग आला की बाहेर येऊन मी स्कूटरला किल्ली लावलीच नाही. "ताई, ती मरतेय. दोन शब्द म्हणायचे होते. काय गेलं असतं तुमचं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे बरं आहे वसुधा. देव माफ करतो, तुम्ही प्रसाद खाऊन घरी. आमच्याकडे ते डिपार्टमेंटच नाही. ज्याचं त्यालाच करावं लागतं. आणि नाही झालं तर नाही झालं." मी म्हटलं, हा धर्म नाही, हट्ट आहे. त्या म्हणाल्या, "असेल." आणि पायीच घरी गेल्या.

पण दुसऱ्या दिवशी त्या परत शालूकडे गेल्या. तिसऱ्या दिवशीही. पाणी मोजून द्यायचं होतं, दिवसाचं किती मिली ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या कामाला ताईंसारखं माणूस शोधून सापडलं नसतं. शालूचे केस विंचरत, तिच्यासाठी बिनमिठाचा दलिया करत, पूजाला ऑफिसला पाठवत. एवढं सगळं करताना तो शब्द मात्र येत नव्हता. मीही जाऊ लागले. मला तिथे काही काम नव्हतं, पण घरी बसवेना.

एका दुपारी ताई खाली औषध आणायला गेल्या होत्या. मी धीर करून शालूला म्हटलं, "अगं, त्यांनी कधीच माफ केलंय तुला. तोंडानं बोलत नाहीत एवढंच." शालू हसली. तिचं हसू अजून पूर्वीसारखंच होतं, घाबरल्यासारखं. म्हणाली, "नाही वसुधाताई. केलं असतं तर सांगितलं असतं. त्या झूठ नाही बोलत. म्हणून तर त्यांच्या तोंडून पाहिजे मला. बाकी सगळे तर म्हणतातच, जाऊ दे, जाऊ दे."

त्यानंतर मी ताईंवर रागावणं सोडून दिलं. दोघींपैकी कोणालाच माझी गरज नव्हती.

ताईंनी विहारातल्या भिक्खूंना, भन्तेजींनाही विचारलं. म्हातारे भन्तेजी, कानाला कमी ऐकू यायचं, सगळं दोनदा सांगावं लागलं. ते म्हणाले, "बेटा, आधी तोंडानं म्हण, मन मागून येईल." ताईंनी विचारलं, "आणि नाही आलं तर? मग ते चौथं शील मोडणं नाही का?" भन्तेजींनी कानाला लावलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "मग लवकर कर. मैत्री जिवंत माणसावर होते. मेलेल्या माणसाला समोर बसवून मैत्रीभावना करत नाहीत, ती लागत नाही. आपल्या परंपरेत असंच सांगितलंय."

हे ऐकून मी ताईंना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. आठ महिन्यांच्या निलंबनातही त्या घाबरल्या नव्हत्या. सकाळ-संध्याकाळ बसू लागल्या. परीक्षेआधी एखाद्या मुलीनं एकच प्रकरण परत परत वाचावं आणि एक ओळही लक्षात राहू नये, तसं चाललं होतं. म्हणायच्या, "मी तिला समोर बसवते. ती सुजलेली, आजारी, दया येते. म्हणायला जाते की सुखी हो. आणि ती एकदम पंचवीस वर्षांची होते, माझ्या बाजूला बसते आणि शील म्हणते. मग सगळं परत पहिल्यापासून." दया येत होती, माया तर होतीच. पण माफी म्हणजे त्यांतलं काहीच नव्हे, हे ताईंना जेवढं कळत होतं तेवढं मला आजही कळत नाही.

शालूनंच त्यातून वाट काढली. एका सकाळी ताई आत आल्या आणि तिनं उशीवरूनच विचारलं, "ताई, आज किती परसेंट?"

ताई दचकल्या. मग खरंच विचार केला. एक डोळा मिटला असेल असं मला वाटतं. म्हणाल्या, "चाळीस."

"चाळीस! पासिंगच्या वर आहे यार!"

रोज हेच सुरू झालं. बेचाळीस. पंचेचाळीस. एकदा एकदम अडतीस. "काय ताई, डायरेक्ट सात कमी?" तर ताई म्हणाल्या, "काल तू चोरून लोणचं खाल्लंस. पूजानं सांगितलं." शालू हसता हसता खोकली आणि ताईंनी तिची पाठ चोळली. त्या खोलीत मी इतकी हसले आणि घरी येऊन इतकी रडले, तसं आयुष्यात फार थोड्या वेळा झालं असेल. मला वाटायचं, शालूनं अजून तीन-चार महिने काढले तर होईल. पूजालाही तेच वाटायचं. ती मला जिन्यात विचारायची, "मावशी, शंभर होईल ना?" जणू तो आकडा वर गेला की किडन्याही सुधारणार होत्या.

एकसष्टवर शालू गेली. मंगळवारी सकाळी डायलिसिसला न्यायच्या आधी. ताई पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

शालूच्या नावानं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला वंदना ताईंनीच घेतली. पांढरी साडी, ताठ पाठ, आवाज स्वच्छ. पाचही शीलं म्हणून झाली. कोणीतरी म्हणालं, "ताई, मैत्रीभावना घ्या ना." ताई म्हणाल्या, "घेते." स्वतः, आवडतं माणूस, परकं माणूस, तीन झाले आणि त्यांनी डोळे उघडले. उजव्या हाताला पूजा बसली होती. तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि उठल्या.

महिना-सव्वा महिना झाला असेल. सकाळी नऊच्या सुमाराला दारावर थाप पडली. फोन न करता ताई कधी कोणाकडे जात नसत, आणि दारात ताई उभ्या. साडीला इस्त्री नव्हती. हात ओले होते.

"वसुधा, आज झालं गं," त्या म्हणाल्या.

मी त्यांना आत घेतलं. त्या बसल्या नाहीत. "कपडे वाळत घालत होते. शालूची आठवण आली. नवीन होती तेव्हा तिनं वापरलेले लिटमसचे कागद फायलीला लावून ठेवले होते, सगळे, तारखेसकट. कोणी मागितले तर? म्हणून. मला हसू आलं. एकटीच हसले. मग थांबले की आता ते येईल, ती बाजूला बसेल, शील म्हणेल. नाही आलं. मी मुद्दाम आणून पाहिलं. ती बसली, म्हणाली, आणि मला काहीच झालं नाही. नुसतं वाटलं, किती घाबरली असेल पोर. बस. सगळं साफ."

त्या भराभर बोलत होत्या. "मी तशीच निघाले तिला सांगायला. चार गल्ल्या गेले. तिच्या जिन्याच्या दोन पायऱ्याही चढले, वसुधा."

मी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी बघितलीही नाही.

"आता कोणाला देऊ?"

"पूजाला सांगा," मी म्हटलं.

"पूजानं कुठे मागितली होती?"

"मग... शालूला पोचलंच असेल, ताई. जिथे असेल तिथे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारणीचं रीडिंग उतरवणाऱ्या मुलीकडे बघायच्या तसंच. रागानं नाही. "तुला माहीत आहे, की म्हणायचं म्हणून म्हणतेस?"

"म्हणायचं म्हणून," मी म्हटलं.

"हं," ताई म्हणाल्या. मग बसल्या. मी चहा केला, तो त्यांनी सगळा प्यायला, कप स्वतः विसळला आणि जाते म्हणाल्या. स्कूटरवर सोडते म्हटलं तर नको म्हणाल्या.

मी गॅलरीत येऊन उभी राहिले. ताई गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबल्या. एक ई-रिक्षा आली. रिक्षावाल्यानं वाकून विचारलं, "कहाँ जाना है माताजी?" ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यानं पुन्हा विचारलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि निघून गेला. दुसरी आली, तीही गेली. ताई तिथेच उभ्या होत्या, ओले हात पदराला पुसत.